नाशिकमधला घरगुती तरणतलाव हीट पंपावर: प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर: मोजमाप

तलाव उघड्यावरचा, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद. खोली एका टोकाला १.१ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर, सरासरी १.३. पाणी ४१.६ घनमीटर, म्हणजे ४१,६०० लिटर. जागा गंगापूर रस्त्याच्या बाजूला, तलाव दुमजली बंगल्याला लागून उत्तरेकडे. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने बंगल्याची सावली जवळजवळ पडत नाही, हिवाळ्यात मात्र तीच नडते. २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा नाशिकमध्ये सूर्य ४६-४७ अंशांच्या वर चढत नाही. ७ मीटर उंच भिंतीची सावली साडेसहा मीटर लांब पडते. अख्खा तलाव तिच्यात बुडतो.

मागणी अशी: डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ७ वाजता पाणी २८ अंश. आज सकाळी ते २२ आहे, डिसेंबरात आणखी उतरेल.

हिशेबाचा पाया: १ घनमीटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६३ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. या तलावाला १ अंशामागे ४८.४ युनिट. खालच्या सगळ्या नोंदींत हाच आकडा वापरला आहे.

आधीपासून असलेली सामग्री: ६०० मिमी व्यासाचा वाळूचा फिल्टर, १ एचपी थ्री-फेज पंप, ६३ मिमी यूपीव्हीसी पाइप, दोन स्किमर (पृष्ठभागावरचे पाणी आणि कचरा ओढून घेणारी टोपलीची तोंडे). पंप ताशी साधारण १० घनमीटर पाणी फिरवतो. सव्वाचार तासांत एक फेरा, हे पुरेसे आहे.

१५ नोव्हेंबर: बादली चाचणी

हीट पंप (हवेतली उष्णता उचलून पाण्याला देणारे यंत्र) ठरवण्याआधी पाणी कुठे जाते ते पाहिले. तलावाच्या दुसऱ्या पायरीवर बादली ठेवली, तिच्यात तलावाचेच पाणी बाहेरच्या पातळीइतके भरले आणि आत-बाहेर पेन्सिलने खूण केली. पंप नेहमीसारखा चालू, ऑटोफिल (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) बंद. चोवीस तासांनी बादलीत ४ मिमी घट, तलावात ७ मिमी. बादलीतले गेले ते बाष्पीभवन. वरचे ३ मिमी म्हणजे दिवसाला ९६ लिटरची गळती.

रंगीत पाण्याची सिरिंज स्किमरच्या सांध्याशी, परतीच्या तोंडांशी आणि दिव्याच्या खोबणीशी धरून पाहिली. दिव्याच्या खोबणीत केबलच्या नळीकडे रंग सरळ ओढला गेला. गळतीची ही नेहमीची जागा. पाण्याखाली घट्ट होणाऱ्या इपॉक्सी पुटीने नळीचे तोंड बंद केले.

उष्णतेच्या दृष्टीने ही गळती किरकोळ होती, दिवसाला जेमतेम एक युनिट. खरा त्रास भरपाईच्या पाण्याचा. ते बोअरचे आहे, कठीणपणा ४८० पीपीएम. रोजच्या शंभर लिटरबरोबर चुना आत येत राहतो आणि गरम पृष्ठभागावर तोच आधी बसतो.

१८ नोव्हेंबर: यंत्राची निवड

दुकानात हीट पंप लिटरवर विकतात: ‘५० हजार लिटरपर्यंत’. तो आकडा बाजूला ठेवावा. उष्णता जाते ती पाण्याच्या पृष्ठभागातून, खोलीतून नव्हे. ३२ चौरस मीटर उघड्या पाण्यावर, २८ अंशांना, हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री अंदाजे १२-१३ किलोवॉट उष्णता जाते. त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या बाष्पीभवनाची; बाकीची मोकळ्या आकाशाकडे आणि थंड हवेत. १ लिटर पाणी उडाले की जाताना ०.६७ युनिट घेऊन जाते, तेवढ्यात ५८० लिटर पाणी एका अंशाने थंड होते. तलावाची पातळी १ मिमी उतरली तर ३२ लिटर, म्हणजे २१ युनिटांहून अधिक.

नावपट्टीवर दोन ओळी बघायच्या. हवा २६ अंश असताना १७ किलोवॉट. हवा १५ अंश असताना १२ किलोवॉट. जाहिरातीत पहिलीच ओळ असते. हेच यंत्र निवडले: थ्री-फेज, पाणी तापवणारी टायटॅनियमची नळी, उष्णता वाहून नेणारा आर-३२ वायू. उघड्या तलावाची रात्रीची उष्णतेची गळतीही साधारण १२ किलोवॉटच आहे, म्हणजे कव्हर नसेल तर हे यंत्र रात्रभर धावून पाणी जागच्या जागी ठेवेल, वर चढवणार नाही. म्हणून यंत्राच्या आधी कव्हरची ऑर्डर दिली.

पर्याय तपासले. गॅस बॉयलर लावला तर पहिल्यांदा तापवायलाच १९ किलोचे जवळजवळ दोन व्यावसायिक सिलिंडर जातील. साध्या हीटरला उष्णतेइतकीच वीज लागते, चौपट-पाचपट बिल. सौर पाणीतापकाला तलावाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक गच्ची हवी, आणि गच्चीवर आधीच वीज बनवणारी सौर पॅनेल आहेत. ती पॅनेल पुढे वेळापत्रकात कामाला आली.

२२ नोव्हेंबर: जागा आणि चौथरा

यंत्र पंप रूममध्ये बसवावे, पावसात भिजणार नाही, असा आग्रह होता. नाकारला. पंप रूम जमिनीखाली, २.४ × १.८ × २ मीटर, आत जेमतेम साडेआठ घनमीटर हवा. हे यंत्र ताशी ५,५०० घनमीटरच्या घरात हवा खेचते. सहा सेकंदांत खोलीतली सगळी हवा एकदा यंत्रातून जाईल, दर वेळी सहा-सात अंश थंड होऊन. दहा मिनिटांत यंत्र स्वतःच केलेल्या थंडीत बर्फ धरेल. शिवाय तिथे अ‍ॅसिडचे कॅन आणि क्लोरीनच्या गोळ्या ठेवलेल्या. त्या वाफा अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या वर्षभरात खातात. हीट पंप पावसात भिजण्यासाठीच बनवलेला असतो.

जागा कुंपणाच्या आत, पंप रूमपासून ९ मीटरवर. मागे भिंतीपासून ६०० मिमी, बाजूंना ७०० मिमी, पुढे ३ मीटर मोकळे. वर पत्रा नाही, झाडाची फांदीही नाही. चौथरा १.३ × ०.७ मीटर, १५० मिमी उंच, एम-२० काँक्रीट. पायांखाली रबरी पॅड. यंत्राच्या तळातून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी चौथऱ्याला खाच काढून २० मिमी नळी बागेकडे नेली.

२६ नोव्हेंबर: पाइपकाम

क्रम असा: पंप, वाळूचा फिल्टर, हीट पंप, एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह), क्लोरीन फीडर, तलाव. हा क्रम बदलायचा नाही.

इथे क्लोरीनच्या टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) गोळ्या थेट स्किमरच्या टोपलीत टाकत असत. पंप बंद असताना टोपलीत तीव्र आम्ल द्रावण साचते (या गोळ्यांच्या एक टक्का द्रावणाचा पीएच तीनच्या आसपास असतो) आणि सकाळी पंप चालू झाला की तो सगळा घोट आधी यंत्रात जातो. टायटॅनियम क्लोरीन सोसते, पण फ्लो स्विचची (पाणी वाहते आहे का ते ओळखणाऱ्या स्विचची) पाती, सेन्सरचे खोबण आणि रबरी रिंगा टिकत नाहीत. गोळ्या स्किमरमधून काढल्या. हीट पंपाच्या पुढे पाइपात बसणारा फीडर लावला, मध्ये एनआरव्ही घातला.

बायपास (यंत्राला वळसा घालून जाणारी पाण्याची वाट) तीन ६३ मिमी बॉल व्हॉल्व्हचा: एक आत जाणारा, एक बाहेर येणारा, एक मधला. यंत्राच्या दोन्ही तोंडांना युनियन, पुढे कधी काढायचे झाले तर करवत लागू नये. पाइप ४५० मिमी खोल चरातून. निघणारे पाणी जेमतेम ३१ अंशांचे, त्यामुळे सीपीव्हीसीची (गरम पाण्याच्या पाइपची) गरज नाही. कापलेल्या टोकांची धार काढून, प्रायमर लावून, मग सोलव्हंट सिमेंट. चोवीस तास दाब दिला नाही. दुसऱ्या दिवशी दाब देऊन सांधे पाहिले आणि मगच चर बुजवला.

२९ नोव्हेंबर: वीज

मीटरच्या बोर्डापासून यंत्रापर्यंत ३५ मीटर. ४ चौरस मिमी तांब्याची चार कोअर आर्मर्ड केबल. चार पोल १६ अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (जादा प्रवाह झाला की तुटणारा स्विच), चार पोल ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की तुटणारा स्विच), यंत्राजवळ नजरेच्या टप्प्यात आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच). स्वतंत्र अर्थिंग, तलावाची स्टीलची शिडी आणि कठडाही त्याच अर्थिंगला जोडले. पाण्याजवळच्या कामात आरसीसीबी आणि ही जोडणी यांत काटकसर चालत नाही.

फेज सिक्वेन्स रिले (तिन्ही फेजचा क्रम चुकला तर वीज तोडणारे उपकरण) लावला. थ्री-फेज स्क्रोल कॉम्प्रेसर उलट फिरला तर दाब धरत नाही आणि थोड्या वेळात खराब होतो. एक फेज गेली तरी रिले तोडतो. शहराबाहेरच्या वीजवाहिनीवर फेज जाणे नवे नाही.

यंत्राचे नियंत्रण पंपाच्या स्टार्टरच्या सहायक काँटॅक्टमधून घेतले. पंप थांबला की यंत्र थांबते. फ्लो स्विच हा दुसरा पहारेकरी; पहिला हा काँटॅक्ट. हीट पंपासाठी वेगळा वीज मीटरही बसवला, त्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

३ डिसेंबर: कव्हर

५०० मायक्रॉनचे बबल कव्हर. बुडबुड्यांची बाजू खाली, पाण्यावर. अख्खे ८ × ४ न ठेवता ४ × ४ चे दोन तुकडे केले. एकटा माणूस ओढू शकला तरच कव्हर रोज पडते. जड कव्हर महिन्याभरात गच्चीवर जाते. गुंडाळलेल्या कव्हरवर पांढरे कापड टाकायचे, कारण उन्हात थरांच्या मधले प्लास्टिक तापून चिकटते. क्लोरीनचा शॉक दिल्यावर मुक्त क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली येईपर्यंत कव्हर उघडे.

बबल कव्हर सुरक्षा कव्हर नव्हे. लहान मूल त्यावर पडले तर ते बाजूला सरकते, मूल खाली जाते आणि वरून दिसतही नाही. कुंपणाच्या फाटकाला आपोआप बंद होणारी कडी लावल्याशिवाय कव्हर ताब्यात दिले नाही.

६ डिसेंबर: पहिली सुरुवात

टेम्पोतून यंत्र थोडे कलते आले होते, म्हणून कॉम्प्रेसरचे तेल खाली उतरू देण्यासाठी ते रात्रभर उभे ठेवले. सकाळी १० वाजता सुरू. पाणी २०.५ अंश, कव्हर घातलेले.

संध्याकाळी ६ ला २३.५. सकाळी ६ ला २५.७. दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला २८. मीटरवर ८६ युनिट वीज. पहिल्यांदा तापवताना एवढा वेळ सलग लागणारच. ‘दोन तासांत गरम’ अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला हा आकडा आधीच दाखवावा.

पहाटे पाचच्या सुमारास मागच्या पात्यांवर पांढरा थर आला, पंखा थांबला आणि यंत्रातून वाफ निघाली. बिघाड नव्हे, डिफ्रॉस्ट. बाहेर १०-११ अंश असले तरी पात्या शून्याखाली जातात. यंत्र थोडा वेळ उलटे चालून बर्फ वितळवते. तेवढा वेळ तलावातलीच उष्णता खर्च होते.

९ डिसेंबर: बायपास जुळवणी

आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात ४.१ अंशांचा फरक. ऐकायला छान वाटते, पण चुकीचे आहे. यंत्र १५ किलोवॉट देत असताना एवढा फरक म्हणजे आतून ताशी फक्त ३.१ घनमीटर पाणी जाते आहे. वायूचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि गरम दिवशी हाय-प्रेशरवर ट्रिप होतो. मधला व्हॉल्व्ह हळूहळू आवळत फरक २.२ वर आणला, ताशी ५.९ घनमीटर. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि पाइपवर रंगाची खूण केली.

फरक मोजताना एकच थर्मामीटर दोन्हीकडे वापरावा. स्वस्तातले दोन थर्मामीटर आपापसात एक अंशाने सहज चुकतात, मग दोन अंशांच्या फरकाचा काही अर्थ राहत नाही.

यंत्राखाली ओल दिसते म्हणून ‘नळी फुटली’ अशी तक्रार. क्लोरीनची पट्टी त्या पाण्यात बुडवली, रंग आला नाही. हवेतली बाष्पच आहे. खात्री करायची दुसरी रीत: यंत्र बंद, पंप चालू. ठिबकणे थांबले तर नळी शाबूत.

१३ डिसेंबर: रात्र कव्हरची, रात्र उघडी

संध्याकाळी ६ ते सकाळी ७ यंत्र बंद. दोन्ही रात्री किमान तापमान ११ च्या आसपास, वारा नव्हता.

कव्हर असताना २८.९ वरून २८.०. उघडे ठेवल्यावर २८.८ वरून २५.९.

२.९ अंश म्हणजे १४० युनिट उष्णता, ०.९ अंश म्हणजे ४४. फरक ९६ युनिटांचा, जो यंत्राकडून भरून घ्यायला रोज १९-२० युनिट वीज जाते. या प्रकल्पात सर्वांत कमी पैसे कव्हरला लागले आणि सर्वांत जास्त काम त्याने केले.

१६ डिसेंबर: वेळापत्रक

सकाळी पोहायचे तर पहाटे तापवावे, असा सर्वांचा कल असतो. गिझरची सवय. हीट पंप उष्णता बनवत नाही, हवेतून उचलतो, आणि दख्खनच्या हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या हवेत पंधरा-सतरा अंशांचे अंतर असते. दोन्ही वेळा मोजले, प्रवाह ५.९ घनमीटर:

दुपारी १, हवा २८ अंश: फरक २.५ अंश, उष्णता १७.२ किलोवॉट, वीज ३.३. विजेच्या एका युनिटमागे ५.२ युनिट उष्णता.

पहाटे ५, हवा ११ अंश: फरक १.६ अंश, उष्णता ११ किलोवॉट, वीज २.९. एका युनिटमागे ३.८, डिफ्रॉस्टचा तोटा वेगळाच.

म्हणून टायमर सकाळी १०.३० ते संध्याकाळी ५. सेटिंग २९ अंश, म्हणजे रात्रीची घट जाऊन सकाळी २८ उरते. सकाळी तास-दीड तास पोहून कव्हर पुन्हा घातले की पाणी सव्वासत्तावीस-साडेसत्तावीसवर असते. तिथून २९ गाठायला यंत्र चार-साडेचार तास चालते आणि स्वतःच थांबते. फिल्टरचा पंप याच वेळेत चालतो, त्यामुळे पंपाचे वेगळे तास वाढले नाहीत, आणि गच्चीवरच्या पॅनेलची वीज याच वेळी हाताशी असते. मोठे यंत्र घेतले असते तर दोन तास वाचले असते, बाकी काही नाही.

२२ डिसेंबर: ‘फ्लो’ एरर

दुपारी दोनदा यंत्र थांबले. फिल्टरच्या गेजवर ०.७ बारऐवजी १.२. आजूबाजूला द्राक्षबागा आणि कच्चा रस्ता. धूळ वाळूत बसली होती. बॅकवॉश (फिल्टरमधून उलटे पाणी सोडून वाळू धुणे) अडीच मिनिटे, मग अर्धा मिनिट रिन्स. यात पाचशे-सहाशे लिटर कोमट पाणी जाते, म्हणून रोज ‘सवयीने’ करायचे नाही. गेज सुरुवातीच्या दाबापेक्षा ०.४ बारने चढले की करायचे. बॅकवॉशआधी यंत्र बंद करून पंप पाच मिनिटे तसाच चालू द्यायचा.

तरी एरर अधूनमधून लुकलुकत होता. स्ट्रेनरच्या (पंपाआधीच्या गाळणीच्या) काचेखाली बारीक बुडबुडे दिसले. झाकणाची रबरी रिंग कोरडी पडून पंप हवा ओढत होता, बुडबुडे पातीला हलवत होते. रिंग बदलली, सिलिकॉन ग्रीस लावले. पेट्रोलियम जेली लावू नये, रबर फुगते.

२८ डिसेंबर: फेज उलटी

लाइनवर दुरुस्ती झाल्यानंतर वीज आली, पण यंत्र सुरू होईना. रिलेवर फेज सिक्वेन्सचा दिवा. अशा वेळी आधी पंपाकडे बघायचे. तो उलटा फिरत होता: पाणी येते, पण गेज जेमतेम ०.२. मुख्य स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून, मीटरनंतरच्या बोर्डावर दोन फेज अदलाबदल केल्या म्हणजे पंप आणि यंत्र दोन्ही एकदमच सरळ झाले. फक्त यंत्राच्या आयसोलेटरवर बदल केला असता तर पंप उलटाच राहिला असता. रिले बायपास करायचा नाही, इलेक्ट्रिशियन कितीही सांगो.

४ जानेवारी: पाण्याचे रसायन

पीएच ७.९, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) १८०, कठीणपणा ४२० पीपीएम. या तिन्हींबरोबर पाणी गरम, म्हणजे चुना बसायला अनुकूल स्थिती. नळीवर चुन्याचा पातळ थर आला तरी फरक कमी दिसू लागतो आणि दाब चढतो.

अल्कलिनिटी १० पीपीएम उतरवायला या तलावाला ३३ टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ८०० मिली लागते. १८० वरून १०० वर आणायला सहा लिटरांहून जास्त, पण एकदम नाही. एका वेळी ७००-८०० मिली, बादलीभर पाण्यात अ‍ॅसिड ओतून (उलटे कधीच नाही), पंप चालू ठेवून खोल बाजूला. स्किमरमध्ये अजिबात नाही. दर वेळी दुसऱ्या दिवशी मोजून पुढची मात्रा. लक्ष्य पीएच ७.२ ते ७.४.

सायन्युरिक अ‍ॅसिड ४५ पीपीएम, हे क्लोरीनला उन्हापासून जपते, पण गोळ्यांमुळे वाढत जाते. ५० च्या वर जाऊ नये म्हणून आठवड्यातून दोनदा गोळ्यांऐवजी सोडियम हायपोक्लोराइट द्यायचे ठरले. कव्हरखाली ऊन लागत नसल्याने क्लोरीन कमी उडते. फीडर निम्म्यावर आणला.

११ जानेवारी: थंडीची लाट

निफाडचा पारा बातम्यांत, इथे पहाटे ६ अंश. कव्हर असूनही रात्रीत १.३ अंश घट, सकाळी २७.६. सेटिंग २९.५ करून टायमर अर्ध्या तासाने वाढवला. पहाटेची फेरी लावली नाही, सहा अंशांच्या हवेत यंत्र निम्मा वेळ बर्फच काढत बसेल.

१५ जानेवारी: मीटर

१६ डिसेंबरपासूनच्या ३० दिवसांत हीट पंपाचे ४१८ युनिट, दिवसाला सरासरी १४. पंपाचे वेगळे.

उरलेली कामे: पात्यांवरची धूळ महिन्यातून एकदा मागच्या बाजूने साध्या पाण्याच्या धारेने, प्रेशर वॉशर नको, पात्या वाकतात. फेब्रुवारीच्या मध्यानंतर सेटिंग २८. मार्चमध्ये पाणी आपोआप २७ च्या वर राहू लागले की यंत्र आयसोलेटरवर बंद, बायपास पूर्ण उघडा, यंत्राचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, खालच्या प्लगमधून आतले पाणी काढून टाकायचे, कारण साचलेल्या पाण्यात चुना बसतो. कव्हर धुऊन, वाळवून, सावलीत. एप्रिल-मे महिन्यांत ते घातले तर पाणी ३२-३३ पर्यंत चढते आणि शेवाळ धरते.